एक किलो पोलाद, बत्तीस किलोमीटर

साखरेच्या पोत्यावर एम-३० किंवा एस-३० असं छापलेलं असतं. राहुरी तालुक्यात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जिथे ‘राहुरी फॅक्टरी’ हे एका गावठाणाचंच नाव होऊन बसलंय, तिथे एम म्हणजे मध्यम दाणा, एस म्हणजे बारीक, एल म्हणजे मोठा आणि पुढचा आकडा रंगाचा, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. हा दाणा ठरतो तो पॅनमध्ये. पाक किती घट्ट होऊ द्यायचा आणि किती सावकाश, यावर पॅनमनचं सगळं कसब. धीर धरला तर दाणा भरतो, घाई केली तर सगळा बारीक चुरा. ऊस तोच, रस तोच. फरक पडतो तो वेळेचा.

धातूचं गणितही थेट असंच आहे. वितळलेलं पोलाद निवायला लागलं की ठिकठिकाणी अणू रांगेत उभे राहतात, प्रत्येक ठिकाणाहून एकेक दाणा वाढत जातो आणि शेजारच्या दाण्याला भिडला की थांबतो. दोघांमध्ये शीव पडते. पोलादाची ताकद, चिवटपणा, कुठून तडकणार, किती वर्षं टिकणार हे सगळं बरंचसं या दाण्यांवर आणि त्यांच्या शिवांवर अवलंबून. १८६३च्या सुमारास इंग्लंडात शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी या हौशी गृहस्थाने पोलादाचा तुकडा आरशासारखा घासून, ॲसिडने किंचित खाऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि हे दाणे पहिल्यांदा नीट पाहिले. तोवर हजारो वर्षं माणूस धातू ओतत होता, ठोकत होता, आत काय चाललंय हे न पाहता.

न पाहता म्हणजे न कळता मात्र नव्हे. ऊसतोडीच्या हंगामाआधी लोहाराच्या भात्यापाशी कोयते घेऊन बसलेली माणसं पाहा. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा लालबुंद तापवायचा, ऐरणीवर घण मारून पातं काढायचं, पुन्हा तापवायचं आणि फक्त धारेची कड पाण्यात धरायची. याला कोयत्याला ‘पाणी देणं’ म्हणतात. पाणी बरोबर बसलं तर धार हंगामभर टिकते. जास्त बसलं तर उसाच्या कांडीवर नाही तर बांधाच्या दगडावर आपटून पातं खपली उडाल्यासारखं तुटतं. आठशे अंशांच्या पुढे तापलेली कड पाण्यात जाते तेव्हा सेकंदाला काही शे अंश या गतीने निवते. त्या गतीला पोलादाच्या अणूंना नीट घडी घालून बसायला फुरसत मिळत नाही. ते अडकून पडतात, आणि त्या अडकण्यालाच आपण कठीणपणा म्हणतो. साच्यात ओतलेला जाडजूड भाग, समजा चरकाचा रोलर, सेकंदाला एखादा अंश किंवा त्याहूनही हळू निवतो. म्हणजे ओतकामापासून कोयत्यापर्यंत निवण्याची गती शेकडो पटींनी वाढली.

आता गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आलेली तिसरी रीत बघू: धातूची छपाई. थ्रीडी प्रिंटिंग म्हटलं की प्लॅस्टिकची खेळणी डोळ्यांपुढे येतात, पण इथे पोलादाची, टायटॅनियमची, निकेलच्या मिश्रधातूची पावडर असते. पावडरचा एक पातळ थर पसरायचा, त्यावर लेसरने नकाशाप्रमाणे रेघा मारायच्या, जिथे रेघ गेली तिथे पावडर वितळून खालच्या थराला चिकटते, मग ज्यावर भाग उभा राहतोय तो पाट किंचित खाली घ्यायचा, पुन्हा थर. हवेने धातू गंजू नये म्हणून सगळं आर्गॉन वायूच्या बंद पेटीत. सांगायला इतकं सोपं. आकड्यांत उतरलं की डोकं गरगरायला लागतं.

पावडरच्या एका कणाचा व्यास साधारण १५ ते ४५ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ६०-७० मायक्रॉन जाड असतो. ३० मायक्रॉनचा गोल कण धरला तर एक किलो पोलादाच्या पावडरीत असे सुमारे ९ अब्ज कण बसतात. पृथ्वीवरची माणसं ८ अब्जांच्या आसपास आहेत. म्हणजे जगातल्या प्रत्येक माणसाला एकेक कण वाटला तरी किलोभर पावडरीतून दहावा हिस्सा हातात उरेल.

थर ४० मायक्रॉनचा, दोन रेघांमधलं अंतर १०० मायक्रॉन, असं धरू. हे आकडे यंत्रागणिक आणि धातूगणिक बदलतात, पण पोलादासाठी हे नेहमीचेच. दहा सेंटिमीटर उंचीचा भाग करायला असे २५०० थर लागतात. एक किलो पोलादाचं आकारमान १२७ घन सेंटिमीटर. लेसरच्या प्रत्येक रेघेने त्यातला जेमतेम ०.००४ चौरस मिलिमीटर छेदाचा पट्टा भरून निघतो. भागाकार करा: एक किलोचा भाग भरायला लेसरच्या ठिपक्याला सुमारे ३२ किलोमीटर चालावं लागतं. राहुरीहून नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं) जाणाऱ्या माणसाला पडतं, जवळपास तेवढं अंतर. आणि ते ३२ किलोमीटर म्हणजे नुसती रेघ नाही, अखंड वेल्डिंग आहे. हातात मावणाऱ्या वस्तूत ३२ किलोमीटर वेल्डिंग.

गंमत म्हणजे हा लेसर धावत नाही. सेकंदाला एक मीटर हा त्याचा अगदी रोजचा वेग, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर. दिंडीतला वारकरी याहून भरभर चालतो. एकच लेसर असेल तर एक किलो पोलाद भरायला जवळजवळ नऊ तास, थर पसरण्याचा वेळ वेगळा. या यंत्रांना ‘रॅपिड’ म्हणण्याची पद्धत पडली ती कुणी पाडली कोण जाणे. वेग आहे तो पुऱ्या कामाचा, साचा करायचा वेळ वाचतो म्हणून. लेसर स्वतः निवांत आहे.

त्याची ताकदही ऐकायला मामुलीच: अडीचशे वॅट. घरातला मिक्सर याच्या दुप्पट वीज खातो. पण हे अडीचशे वॅट ८० मायक्रॉन रुंदीच्या ठिपक्यावर पडतात. दर चौरस मिलिमीटरला ५० हजार वॅट. मे महिन्यातल्या भर दुपारच्या उन्हाच्या ५ कोटी पट. त्या ठिपक्याखालचा धातू नुसता वितळत नाही, थोडा उकळून वाफही होतो. वितळलेलं थारोळं केसाच्या जाडीच्या दीड-दोन पट रुंद आणि अर्धा मिलिमीटरही लांब नाही. लेसर पुढे सरकला की तो बिंदू अर्ध्या मिलिसेकंदात पुन्हा घट्ट. पापणी लवायला याच्या काही शे पट वेळ लागतो.

निवण्याची गती? सेकंदाला एक लाख ते दहा लाख अंश. कोयत्याच्या धारेला पाण्यात मिळणाऱ्या गतीच्या शेकडो ते हजारो पट. अर्थात कुठलाही बिंदू सेकंदभर असा निवत नाही. त्याला हजार अंश उतरायचे असतात आणि ते तो सेकंदाच्या हजाराव्या भागात उतरतो. आणि एवढ्यावर भागत नाही. थारोळं थराच्या दोन-तीन पट खोल असतं, त्यामुळे वरचा थर छापताना खालचा पुन्हा वितळतो, त्याच्या खालचा लाल होतो, त्याच्या खालचा नुसता तापतो. शेजारची रेघ आली की पुन्हा तेच. एका कोयत्याला एकदा पाणी मिळतं. इथे प्रत्येक बिंदूला कितीतरी वेळा तापणं-निवणं भोगावं लागतं. त्यातून ताण एकाच दिशेला साठू नयेत म्हणून प्रत्येक थराला रेघांची दिशा ६७ अंशांनी फिरवण्याची चाल रूढ आहे. ६७च का, तर ६७ आणि १८० यांना एक सोडून सामाईक विभाजक नाही. १८० थर होईपर्यंत, म्हणजे सात मिलिमीटरच्या वर उंची चढेपर्यंत, तीच दिशा पुन्हा येत नाही.

मग आत दिसतं काय? प्रयोगशाळेत छापलेल्या भागाचा नखाएवढा तुकडा कापतात आणि काळ्या बेकलाइटच्या वडीत बसवतात. पॉलिश पेपरवर घासतात, जाड दाण्याच्या पेपरापासून बारीक दाण्याच्या पेपरापर्यंत. दर पेपराला वडी काटकोनात फिरवायची, आधीच्या पेपराचे ओरखडे पुसले गेले की पुढचा पेपर. शेवटी मखमली कापडावर एक मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट. या टप्प्याला घाई करणाऱ्याचा नमुना हमखास परत येतो. आता तुकडा आरसा झालाय, त्यात आपलं तोंड दिसतं आणि बाकी काहीही दिसत नाही. मग दहा टक्के ऑक्झॅलिक ॲसिड, काही व्होल्टचा प्रवाह, काही सेकंद. आरसा किंचित मंद होतो. तेवढ्यात पाण्याखाली धरून वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. एकावर एक रचलेल्या कमानी दिसतात. प्रयोगशाळेत त्यांना खवलेच म्हणतात. प्रत्येक खवला म्हणजे लेसरच्या एका रेघेचं गोठलेलं थारोळं. त्या ३२ किलोमीटरपैकी एकेक पाऊल तिथे छेदात उमटलेलं असतं.

खवल्यांना आरपार छेदत दाणे उभे वाढलेले असतात, कारण उष्णता खाली जाते आणि दाणा उष्णतेच्या उलट्या वाटेने वर चढतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात आणखी आत शिरलं की एकेका दाण्यात हजारो बारीक पेशी दिसतात, मायक्रॉनच्या आत-बाहेर रुंदीच्या. एका चौरस मिलिमीटरात अंदाजे २० लाख. इथे निसर्गाचा एक कंजूषपणा नोंदवण्यासारखा आहे. निवण्याची गती दहा लाख पट वाढवली तर ही वीण दहा लाख पट बारीक होत नाही, साधारण शंभर पटच होते. कारण ती गतीच्या घनमुळाच्या हिशेबाने बारीक होते. सेकंदाला एक अंश निवलेल्या स्टेनलेस पोलादात ती ८० मायक्रॉनच्या घरात, दहा लाख अंशांना पाऊण मायक्रॉनच्या आसपास.

पण ती शंभर पट पुरेशी ठरते. दूधडेअरीच्या भांड्यांपासून शस्त्रक्रियेच्या सामानापर्यंत चालणारं ३१६ एल हे स्टेनलेस पोलाद घ्या. नेहमीच्या रीतीने केलेली त्याची एक चौरस मिलिमीटर छेदाची तार सुमारे २० किलो वजनाला कायमची ताणली जायला लागते. तेच पोलाद छापून केलं तर हा आकडा ५०च्या आसपास जातो. साखरेचं एक पोतं मिलिमीटरभर तारेला टांगायचं आणि तार निमूट उभी. रासायनिक घटक तेच, तोच क्रोमियम, तोच निकेल. २०१८मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेशी जोडलेल्या गटाने ‘नेचर मटेरियल्स’मध्ये दाखवलं की ही ताकद चिवटपणा न गमावता मिळू शकते, आणि तिचं श्रेय बरंचसं या पेशींच्या भिंतींना आहे.

त्या भिंती कशाच्या, तर चुकांच्या. अणूंच्या रांगांत मध्येच एखादी रांग अर्ध्यावर संपते. जिथे संपते, त्या कडेची एक रेषा धातूभर पसरत जाते. तिला डिस्लोकेशन म्हणतात. धातू वाकतो तो या रेषा सरकतात म्हणून, आणि वाकायला विरोध करतो तो त्या एकमेकींत गुंततात म्हणून. नीट भाजून सावकाश निववलेल्या पोलादाच्या एका घन मिलिमीटरात या रेषांची एकूण लांबी दहा मीटरपासून एखाद्या किलोमीटरपर्यंत असते. छापलेल्या पोलादाच्या तेवढ्याच तुकड्यात शंभर ते हजार किलोमीटर. घन मिलिमीटर म्हणजे बाजरीच्या दाण्याहूनही लहान. घन सेंटिमीटर घेतला तर वरच्या टोकाला दहा लाख किलोमीटर. पृथ्वीपासून चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे चंद्रावर जाऊन परत येऊन आणखी दोन लाखांवर शिल्लक.

एवढी लांबी एवढ्याशा जागेत मावते कशी? मावते, कारण अणू त्याहून कल्पनेपलीकडे लहान आहेत. एक घन मिलिमीटर लोखंडात ८५वर १८ शून्यं इतके अणू. मुळा धरणाची क्षमता २६ टीएमसी, म्हणजे जवळपास ७३ कोटी ६० लाख घन मीटर. त्या टिचभर लोखंडातल्या प्रत्येक अणूला एकेक घन मिलिमीटर पाणी द्यायचं ठरवलं तर मुळा धरण काठोकाठ ११५ वेळा भरावं लागेल. या धरणाचा जलाशय, ज्ञानेश्वरसागर, एकदा भरला की वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो येतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ११५ या आकड्याचं वजन कळेल.

हे सगळं बघायचं तर केवढं बघायचं, ही खरी अडचण. मुंबईत पवईच्या आयआयटीत धातूंतल्या दाण्यांच्या दिशा मोजणारी राष्ट्रीय सुविधा आहे. तिथल्या यंत्रांत नमुना ७० अंशांत कलता ठेवतात, इलेक्ट्रॉनचा झोत एकेका बिंदूवर टेकवतात आणि परत उसळलेल्या इलेक्ट्रॉनांच्या पट्ट्यांवरून त्या बिंदूवर अणूंच्या रांगा कुठल्या दिशेला तोंड करून आहेत ते ओळखतात. अर्धा मिलिमीटर लांब-रुंद चौकोन, दर अर्ध्या मायक्रॉनला एक बिंदू, असे १० लाख बिंदू. आजचा कॅमेरा सेकंदाला हजार बिंदू सहज टिपतो. पाव तासाच्या वर थोड्या वेळात रंगीबेरंगी नकाशा तयार. देखणा असतो, आणि शोधनिबंधात तोच छापला जातो.

पण किलोभराचा पुरा भाग याच बारकाईने, थर खरवडत खरवडत, मोजायचा म्हटलं तर? बिंदू होतात १वर १५ शून्यं. सेकंदाला हजारच्या गतीने ३२ हजार वर्षं, नुसता कॅमेऱ्याचा वेळ. राहुरीशेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला १९७४ साली प्रवरेकाठी कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, चारही मिळून ६० किलोंहून जड, भरीव ओतलेले. त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद आहे, पण साडेतीन-चार हजार वर्षं बहुतेकांना मान्य. ज्या दिवशी तो रथ ओतला त्या दिवशी मोजणी सुरू केली असती, तर आज आपण आठव्या हिश्शापर्यंत आलो असतो. आणि मोजून झाल्यावर हातात भाग नसता, खरवडलेला भुसा असता.

पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची गोष्ट तर याहून भन्नाट. त्यात एकेक डिस्लोकेशन दिसतं, पण नमुना मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा पातळ करावा लागतो. १९७०च्या सुमारास स्वान नावाच्या संशोधकाने हिशेब केला: ही यंत्रं बाजारात आल्यापासून जगभरातल्या सगळ्या प्रयोगशाळांनी मिळून तोवर पाहिलेल्या पदार्थाचं एकूण आकारमान ०.३ घन मिलिमीटर. या विषयाच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाने पुढे तो अंदाज उदारपणे वाढवून हजार घन मिलिमीटरवर नेला. म्हणजे एक घन सेंटिमीटर. अख्ख्या जगाने, सगळे धातू-अधातू मिळून.

क्ष-किरणांच्या सीटी स्कॅनने न कापता आत बघता येतं, पण तिथेही सौदा आहे. भाग मोठा तर नजर जाड. एक सेंटिमीटरचा घन पाच-पाच मायक्रॉनच्या ठोकळ्यांत पाहायचा तर ८ अब्ज ठोकळे साठवावे लागतात. हातभर भागासाठी एवढी बारीक नजर परवडत नाही, आणि पोलाद जाड झालं की किरण पार होत नाहीत. अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत (वायूशी संबंध नाही, नाव तसं) तर क्ष-किरणांच्या प्रचंड तेजस्वी झोतात, सेकंदाला हजारो चौकटींच्या गतीने, थारोळं उकळताना आणि त्याच्या तळाशी बुडबुडा अडकतानाच चित्रित केलंय.

त्या बुडबुड्यासाठीच ही सगळी धडपड. छापणारे अभिमानाने सांगतात, आमचा भाग ९९.९ टक्के भरीव. ऐकायला काय छान! उरलेल्या ०.१ टक्क्याचा हिशेब करून बघा. किलोभर भागात १२७ घन मिलिमीटर पोकळी. ३० मायक्रॉनची छिद्रं धरली तर ९० लाख छिद्रं. बहुतेक सगळी निरुपद्रवी, गोल, आतल्या आत. पण भाग वारंवार ताणला-सैलावला जात असेल तर तडा सुरू व्हायला त्यातलं एकच पुरतं: सगळ्यांत मोठं, वाकड्यातिकड्या आकाराचं, पृष्ठभागाजवळचं. सरासरीला इथे काही अर्थ नाही. परीक्षेत ९९.९ टक्के मिळवणाऱ्यांचं आपल्याकडे फ्लेक्सवर अभिनंदन होतं. धातूच्या छपाईत तो आकडा जेमतेम पास आहे.

तरीही माणसं हे यंत्र सोडत नाहीत, आणि त्याचं कारणही आकड्यांतच आहे. इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं पीएस-४ इंजिन छापून घेतलं आणि ९ मे २०२४ रोजी महेंद्रगिरीला ६६५ सेकंद पेटवून पाहिलं. आधी १४ सुट्या भागांचं असलेलं हे इंजिन एकाच तुकड्यात आलं, १९ वेल्डिंगचे सांधे गेले. जुन्या रीतीत घडवलेले ठोकळे आणि पत्रे मिळून ५६५ किलो माल लागायचा. पावडर लागली १३.७ किलो. वरच्याच हिशेबाने त्या पावडरीत लेसरची चारशे किलोमीटरहून जास्त चाल होते. १९ सांधे गेले आणि त्यांच्या जागी चारशे किलोमीटर सांधा आला, असंही म्हणता येईल, फक्त तसं कुणी म्हणत नाही.

ते इंजिन कापून पाहता येत नाही. कापलं तर उडवायचं काय? म्हणून छापताना त्याच पाटावर, त्याच पावडरीत, शेजारी बोटभर कांड्या उभ्या करण्याची रीत आहे. भाग कामाला जातो, कांड्या प्रयोगशाळेत. त्यांना ओढून तोडतात, घासून खवले बघतात, छिद्रं मोजतात आणि त्यावरून भागाला दाखला देतात. पण कांडी बारीक, भाग जाड. बारीक कांडीतली उष्णता निघून जायला वाट चिंचोळी, जाड भागात ऐसपैस. दोन थरांच्या मधे लेसरला कांडीवर परत यायला लागणारा वेळही वेगळा. पावडर तीच, लेसर तोच, पाट तोच, आणि तरी कांडीतला दाणा भागातल्या दाण्यासारखा असेलच असं नाही. तेव्हा सध्या वाद चालतो तो कांडी किती जाड करायची आणि पाटावर नेमकी कुठे उभी करायची याचा.